भाऊजींची उजेडाची पेटी

समस्त आप्तेष्ट, शेजारी आणि ज्यांच्या घरातून आम्ही कधी ना कधी काहीतरी उचलून आणलं आहे अशा सर्व सज्जनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, आमच्या घरची स्टीलची मोठी चाळणी, जिने वर्षानुवर्षं या कुटुंबाचा साबुदाणा निथळला, ती आता स्वयंपाकघरात परत येणार नाही. तिच्या बुडाला मधोमध चौकोनी भोक पाडण्यात आलं असून त्यातून कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं डोकं आत जातं. कृपया सांत्वनासाठी कोणी येऊ नये. मंडळी कोणाशीही बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत.

हा मजकूर मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खरोखर टाकला होता. काही जणांनी न वाचताच हात जोडले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, वय काय होतं?

मी फोटोग्राफर आहे. शनिवार पेठेत जिन्याखाली माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक खुर्ची आणि मी बसलो की संपलेली जागा. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, निरोपसमारंभ. या धंद्यातलं एकच गुपित आहे आणि ते मी फुकट सांगतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून समोरून मारला की माणूस हवालदाराने टॉर्च मारून पकडल्यासारखा दिसतो. चेहरा पापडासारखा सपाट, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली, आणि डोळे मांजरीचे. तोच फ्लॅश काढून बाजूला न्यायचा, जरा उंच धरायचा, आणि त्याच्यापुढे काहीतरी मोठं पांढरं आडवं घालायचं. जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका उजेड मऊ. मग त्याच माणसाला गाल येतात, हनुवटी येते, स्वभावसुद्धा येतो.

ते मोठं पांढरं काहीतरी बाजारात विकत मिळतं. पण विकत आणलं असतं तर आमची चाळणी आज हयात असती. आम्ही, म्हणजे मी आणि भाऊजी, ते घरी बनवायचो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले, टूलरूममध्ये लागले आणि आमच्या ताईच्या प्रेमात पडले. आमच्या घरात त्या काळी याला अपघात म्हणत. ताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या जिभेला शाळेतले शिपाईसुद्धा वचकून असत. त्या जिभेपुढे हा शांत, बोटांना कायम ग्रीसचा वास येणारा माणूस टिकणार कसा, अशी सगळ्यांना काळजी. तो उत्तम टिकला, कारण तो बोलायचाच कमी. आणि बोलला की असं वऱ्हाडी बोलायचा की ताईला वाक्य कळून टोमणा सुचेपर्यंत तो गच्चीवर गेलेला असायचा. जन्म पुण्यात गेला, पण जिभेवरचं वऱ्हाड काही उतरलं नाही. मूलबाळ नव्हतं. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या गॅलरीत त्यांनी एक लोखंडी व्हाइस बसवला होता, आणि निवृत्त झाल्यावर त्यात पकडायला त्यांना मी मिळालो.

काय काय केलं आम्ही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून, साबणाने धुऊन, उलट्या करून, एकमेकींना चिकटवून त्यांचा पडदा केला. एका लग्नात मी इतके भराभर फ्लॅश मारले की तो पडदा तापून वितळायला लागला आणि वास सुटला. आचारी आतून धावत आला, त्याला वाटलं बासुंदी लागली. काळ्या छत्रीला आतून वेफर्सच्या पाकिटांची चंदेरी बाजू चिकटवली. सरबताच्या नळ्या कापून, खोक्यात मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या रचून उजेडाची अशी बारीक तिरीप काढली की नवरीच्या नथीवरच पडेल, सासूवर नाही. प्लॅस्टिकच्या पाइपचा स्टँड केला, खाली रंगाच्या डब्यात सिमेंट ओतलं. तो इतका जड झाला की कात्रजच्या एका मंगल कार्यालयातून परत आणायला कोणी तयार होईना. अजून तिथेच असेल, दार धरून. प्रत्येक वस्तू झाली की भाऊजी ती लांबून पाहायचे, जवळून पाहायचे, आणि कानशीने कुठेतरी शेवटचा हात फिरवायचे. टूलरूमचा माणूस, त्यांना काम झालं एवढं पुरत नसे, झालेलं काम बोटांना लागलं नाही पाहिजे.

इथपर्यंत सगळं मजेत चाललंय. आता जरा सावरून बसा.

माझ्या दुकानाचा खरा धंदा लग्नांचा नाही. खरा धंदा सकाळी येतो. दाढी न केलेला एखादा माणूस मोबाइल पुढे धरतो आणि म्हणतो, "यातून आईला बाहेर काढा."

आपल्याकडे जिवंत माणसाचा, एकट्याचा, समोरून, मोठा फोटो कोणी काढत नाही. तसा फोटो म्हणजे हाराची वाट पाहणारा फोटो. कोणी विषय काढलाच तर शुभ बोल रे नाऱ्या म्हणून त्याला गप्प करतात. त्यामुळे माणूस जातो तेव्हा घरात त्याचे हजार फोटो असतात आणि एकही नसतो. मग शोधाशोध. कोणाच्या तरी बारशातली पंगत, कोणाच्या तरी साखरपुड्यातली रांग. त्यातून मला आई, वडील, काका बाहेर काढायचे असतात. खांद्यावर कोणाचा तरी हात असतो, तो पुसायचा. हातात आइस्क्रीमची वाटी असते, ती काढायची. एका आजोबांचा एकट्याचा फोटो होता तो फक्त आधार कार्डावर. दहाव्याला ते भिंतीवरून असे बघत होते की जणू त्यांना नुकतीच अटक झाली आहे. ही कामं मी इतकी केली आहेत की लग्नात एखादी म्हातारी छान हसली की माझ्या डोक्यात आपोआप येतं, हिच्या डाव्या खांद्यापाशी कोणी यायला नको.

आमच्या आईचंही तसंच झालं. ती मिळाली एका मुंजीच्या गर्दीत. हातात ताट होतं. ताट काढलं, तर हात हवेत तसेच राहिले, काहीतरी मागितल्यासारखे. मागच्या माणसाचा कोपर तिच्या पदरात घुसला होता, तिथे नवा पदर रंगवावा लागला. त्याहून बरा फोटो घरात नव्हता. तेराव्याच्या दिवशी ताई त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई छान आहेत. आई कुठाय?"

ताई आता नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही ती बरी होते का म्हणून वाट बघत बसणार नाही. आम्ही बसलो होतो, त्याचा काही उपयोग होत नाही.

पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेली आणि तपासण्या संपेचनात. शेवटी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. ताईने त्यांना गणिताच्या बाईसारखे नेमके प्रश्न विचारले, भाऊजी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले. घरी आल्यावर चहा झाला. भाऊजी बशीत चहा ओतत होते तेव्हा ती मला म्हणाली, औषधं सुरू झाली की केस जाणार, त्याच्या आत माझा एक फोटो काढ. एकटीचा. समोरून. जांभळ्या इरकलमध्ये. हातात ताटबीट काही नको. कशासाठी, असं कोणी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, भिंतीसाठी. आईचं झालं तसं माझं करायचं नाही, मला कोणाच्या पंगतीतून उपटून काढायचं नाही.

बशीतला चहा सांडला. भाऊजींनी तो फडक्याने पुसला, फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. मग आत येऊन म्हणाले, "काढू न फोटो. काहून नाही काढायचा? पण उजेड चांगला पायजे. मी पेटी बनवतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. इतक्या सहज होकार मिळेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

पेटी म्हणजे उजेडाची पेटी. आतून पांढरी, मागच्या बाजूला फ्लॅश, पुढे ताणलेलं पांढरं कापड. खिडकीएवढी मोठी, की उजेड दुपारच्या सावलीतल्यासारखा यावा. मी म्हटलं, दोन थर्माकोलचे तुकडे आणि बटर पेपर, तासाभराचं काम. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या कारखान्यात चप्पल घालून शिरलो आहे. हे लग्नाचं काम नाही, म्हणाले. हे नीट झालं पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी प्लायवूड आलं. चौकट झाली. मी कॅमेरा घेऊन गेलो, तर एक कोपरा अर्ध्या सुताने बाहेर होता म्हणून चौकट पुन्हा सोडवलेली. पुढच्या खेपेला कोपरा जुळला होता, पण आतला रंग. पांढरा म्हणून आणलेला रंग वाळल्यावर पिवळसर दिसत होता. तो खरवडून काढणं चाललं होतं. तोवर ताईचं पहिलं औषध झालं. केस उशीवर यायला लागले. ती म्हणाली, ठीक आहे, टकलावर पदर घेऊ. मग कापड आलं. एक फार जाड निघालं, एक निळसर, एकातून फ्लॅशचा ठिपका आरपार दिसला. मी बोलायला लागलो की भाऊजी दिव्यासमोर कापड धरून म्हणायचे, "पाहा न, एका बाजूनं सांडून राहिला उजेड."

मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू. ते नेहमीचेच भाऊजी होते. चाचणीसाठी ताईला उठबस करायला लावायची नाही म्हणून स्टुलावर नारळ ठेवला, त्याला त्यांचा चष्मा लावला, आणि अर्ध्या झालेल्या पेटीने त्याचे फोटो काढले. नारळाचे इतके देखणे फोटो जगात कोणी काढले नसतील. शेंडीची एकेक काडी वेगळी, एका गालावर हलकी सावली, चेहऱ्यावर कसलं तरी कारुण्य. आम्ही कौतुकाने ते ताईला दाखवायला आत नेले. तिने मोबाइल लांब धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाली, "सुरेख. आता यालाच हार घाला."

भाऊजी हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

मधल्या काळात तिचे केस परत आले, बारीक, पांढरे, मांजराच्या पोटासारखे. तिला ते आवडले होते. हात फिरवत बसायची. आता काढ म्हणाली. तेव्हा पेटीची उघडझाप करता यावी म्हणून भाऊजींनी ती पुन्हा कापली होती आणि बिजागऱ्या मिळत नव्हत्या. मग दुखणं यकृतात गेलं. डोळे पिवळे झाले, मग गळा, मग हात. अंग उतरलं आणि पाय मात्र सुजून खांबासारखे झाले. दर खेपेला मी आत तिच्याकडे जायच्या आधी गॅलरीत डोकवायचो, आणि दर खेपेला पेटी शेवटच्या एका कामापुरती अडलेली असायची.

एके दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो. भाऊजी पाठमोरे गॅलरीत बसले होते. आदल्या दिवशी मी स्वतः गुण्या लावून पाहिलेला कोपरा, अगदी काटकोनात बसलेला, त्याचा स्क्रू ते सोडवत होते. घाईने नाही, हळूहळू, एकेक आटा. स्क्रू बाहेर आला, तो त्यांनी बशीत ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला. मी आवाज न करता मागे फिरलो आणि दार नुकतंच उघडल्यासारखं जोरात लोटलं.

आत ताई जागी होती. तिने शाळेत आयुष्यभर मुलींची तोंडं वाचली होती.

"दिसलं का तुला आज?" ती म्हणाली. "मला दिवाळीपासून माहितेय. पेटी झाली की फोटो, फोटो झाला की मी. असं त्यांनी मांडलंय. पेटी होऊच द्यायची नाही, म्हणजे मीही इथेच."

मी म्हटलं, मग तू बोल ना त्यांच्याशी.

"बोलले. म्हणतात, बिजागरी मिळत नाही." ती थोडा वेळ दम खात पडून राहिली. मग म्हणाली, "मला त्यांच्याशी भांडून जायचं नाहीये. आणि ती मुंजीतली बाई होऊन भिंतीवरही बसायचं नाहीये. काय ते तू बघ. फार दिवस ठेवू नकोस."

मी बघितलं. म्हणजे भाऊजींना खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि समजावलं. पेटीशिवायही फोटो निघतो, मी असे शेकडो काढलेत, ताई थकत चालली आहे, आज बसते ती उद्या बसेल असं नाही. मी फार सुरेख बोललो. मला बोलता येतं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला विचारलं, कापड ताणायला शिवायची चिकटपट्टी बरी की बटणं. मी चिकटपट्टी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. माझ्या एवढ्या मोठ्या भाषणातून त्यांनी पुढच्या आठवड्याचं काम काढून घेतलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ताईचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी मी दुसऱ्याच कोणाचा समजलो. ती म्हणाली, ते चिकटपट्टी आणायला रविवार पेठेत गेलेत, ये. कॅमेरा घेऊन ये.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि निघालो. सिंहगड रस्त्यावर नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. सिग्नलला थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की पिशवीत कॅमेरा आहे, फ्लॅश आहे, आणि बाकी काही नाही. छत्री, दुधाचा पडदा, चाळणी, सगळं भाऊजींनी पेटीसाठी बघायला म्हणून नेलं होतं आणि गॅलरीत कुलपात ठेवलं होतं. आयुष्यभर ज्याच्या बढाया मारल्या ते सगळं दाराच्या पलीकडे, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

ताईने स्वतः तयारी केली होती. कशी केली मला माहीत नाही. मदतीला येणारी बाई त्या दिवशी आलीच नव्हती. पलंगाच्या कडेला, हातांच्या खुर्चीत ती बसली होती. अंगात दवाखान्याचा गाऊन आणि त्यावर जांभळ्या इरकलचा पदर, पिना लावून. पाय उशीवर. कुंकू लावलेलं, जरा तिरकं.

"वरची तेवढी मी आहे," ती म्हणाली. "खालचा दवाखाना घेऊ नकोस."

मी फ्लॅश भिंतीकडे वळवून एक मारून पाहिला. भिंत पिस्ता रंगाची, भाऊजींच्याच आवडीची. आधीच पिवळी झालेली ताई त्या उजेडात भिजवलेल्या मुगासारखी दिसायला लागली. चादर बघितली, फुलाफुलांची. पडदे तपकिरी. त्या घरात एक पांढरी वस्तू सापडेना. सापडली ती पलंगाखाली. आजारी माणसाच्या खाली अंथरायचे ते कागदी पॅड असतात ना, त्यांचं मोठं पाकीट. एका बाजूने निळे, दुसऱ्या बाजूने पांढरेशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखे. मी ते उलगडून, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने कपाटाच्या दारांवर एकाला एक लावत गेलो. सगळं कपाट पांढरं झालं. त्यावर फ्लॅश मारला तर उजेड इतका मऊ आला, की मी तसा उजेड बनवायला कोणाला शिकवू शकणार नाही, कारण त्याला लागणारं सामान कोणाच्या घरी नसू दे.

ताई कपाटाकडे पाहून हसली. हसताना तिला दुखत होतं, म्हणून हळू हसली. एवढी वर्षं चाळण्या फोडल्यात आणि शेवटी हे, असं काहीतरी म्हणाली. मी रंगाचं बोललो. नंतर कॉम्प्युटरवर पिवळेपणा काढता येतो. ती म्हणाली, रंगाचं काय ते कर, डोळे माझे राहू देत. मी फ्लॅश पुस्तकांच्या ढिगावर ठेवून एक फोटो काढला. तिने बघायला मागितला. नाक केवढं आलंय, म्हणाली. खरंच आलं होतं. ढीग बुटका, उजेड खालून. नाकाची सावली कपाळाकडे चढली होती. फ्लॅश उंच धरायला माणूस हवा होता, आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

रविवार पेठेतलं ते दुकान बंद होतं. आठवड्याच्या सुट्टीचा वार भाऊजी विसरले होते. ते, ज्यांना पुण्यातल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानाची सुट्टी पाठ. ते खोलीच्या दारात उभे राहिले. डोक्यावर हेल्मेट तसंच. आधी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. पदर, कुंकू, पिना.

"अहो," ताई म्हणाली, "हेल्मेट काढा. असे उभे काय, शोकसभा नाहीये अजून."

त्यांनी हेल्मेट काढलं. ते ठेवायला जागा शोधत राहिले, शेवटी पलंगावर ठेवलं. मला वाटलं आता ते गॅलरीत जातील आणि दार लावून घेतील. ते कपाटापाशी गेले. एका पॅडचा कोपरा सुटून लोंबत होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून बसवला, परत एकदा दाबला, बोट फिरवून पाहिलं. मग पुस्तकांच्या ढिगाकडे वळून तिथेच, कोणाकडेही न बघता म्हणाले, "हे खाली लागलं. नाकाची सावली वर जाऊन राहिली."

त्यांनी फ्लॅश उचलला. उजवा हात पूर्ण वर करून, तोंड कपाटाच्या वरच्या पॅडांकडे करून धरला. डाव्या हातात एक पॅड घेतलं आणि वाकून तिच्या हनुवटीखाली धरलं, म्हणजे गळ्यातल्या खड्ड्यांत थोडा उजेड जाईल. हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. त्या खांद्याचं त्यांचं दुखणं जुनं होतं. हात वर गेला तेव्हा ओठ आवळले गेले. ताईने मान उचलून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग समोर, माझ्याकडे.

सगळं जागेवर होतं. उजेड, माणूस, पदर. फक्त दाबायचं होतं.

मी म्हटलं, ताई, हनुवटी जरा खाली. तिने केली. मग मला डावा खांदा पुढे हवासा वाटला. मग पदराची एक चुणी. ती नीट करून मी परत जागेवर आलो आणि मागचा पडदा थोडा दिसतोय असं वाटलं, म्हणून तो सारायला गेलो. परत आलो, काच पुसली. मी लग्नात अर्ध्या सेकंदात फोटो घेणारा माणूस. अंतरपाट सरकतो तेवढ्या वेळात मी दोन्ही पक्षांचे डोळे पकडतो. पण तेव्हा प्रत्येक वेळी डोळा कॅमेऱ्याला लावला की काहीतरी अपुरं दिसत होतं, अर्धं सूत इकडे, अर्धं तिकडे. ताई खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसली होती. तिची बोटं पांढरी पडत चालली होती आणि हसू एका बाजूने खाली उतरायला लागलं होतं. भाऊजींचा वर धरलेला हात खाली-वर होत होता, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हलत होता असं मला वाटलं, आणि फ्लॅश लागल्याशिवाय उजेडच नसतो, हेही मी विसरलो होतो. मी म्हणालो, एक मिनिट, मी जरा कॅमेऱ्यातले आकडे परत बघतो.

धायरीच्या त्या घरात आज जो फोटो आहे, तो त्याच्या पुढच्याच क्षणाचा. त्यात ताई समोर बघते आहे, डोळे तिचेच आहेत, आणि ओठांचा कोपरा टोमणा मारायच्या आधी वळायचा तसा वळलेला आहे. तो मी माझ्या मनाने काढला असं मला म्हणता येणार नाही. माझ्या बोटाला दाबायला लावलं ते भाऊजींनी. एवढे महिने तिच्या जाण्याविषयी तोंडातून ज्यांनी एक शब्द काढला नव्हता, तेच एकदम, मोठ्याने, तिच्यासमोर बोलून गेले:

"दाबा न ते बटन, साळेबुवा. टाइम नाही तिच्यापाशी."